९११ला पत्ता सांगावाच लागतो: ग्रुपवर फिरणाऱ्या एका मेसेजला उत्तर

गेले काही महिने न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. आधी मंडळाच्या ग्रुपवर आला, मग ढोल-ताशा पथकाच्या, आणि शेवटी पुण्याहून मावशीनं मलाच पाठवला, "तुमच्याकडचं आहे रे, उपयोगी पडेल" असं वर लिहून. मेसेजमध्ये म्हटलंय ते थोडक्यात असं: अमेरिकेत ९११ला, म्हणजे आपत्कालीन मदतीच्या नंबरला, फोन लावला की तुम्ही कुठे आहात ते त्यांना स्क्रीनवर आपोआप दिसतं, पत्ता सांगत वेळ घालवू नका. हॉटेल असो, ऑफिस असो, कुठल्याही फोनवरून ९११ दाबा, लागतोच. बोलता येत नसेल तर मेसेज करा, सगळीकडे चालतो. इंग्रजी येत नसेल तर आधी शेजाऱ्याला बोलवा आणि त्याला फोन करायला सांगा. आणि शेवटचा परिच्छेद: "उबरच्या ड्रायव्हरला आपण कुठे उभे आहोत ते कळतं, मग ९११ला कळणार नाही का? ९११ आधुनिक करायचे हे नवे नवे कायदे म्हणजे फोनच्या बिलावर आणखी एक कर लावायचा बहाणा आहे. फी आपण आधीच भरतो."

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसेल. पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं किंवा अर्धवट आहे, आणि पहिलं वाक्य आमच्या घराला महागात पडलंय. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो.

"पत्ता सांगायची गरज नाही"

गेल्या जानेवारीतली गोष्ट. सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. मी आणि बायको, दोघंही कामावर. दुपारी नाना, म्हणजे माझे सासरे, टपाल आणायला खाली गेले आणि पार्किंगमधल्या बर्फावरून पाय सटकून पडले. उठताच येईना. सासूबाईंनी गॅलरीतून पाहिलं, हातपाय गळाले, तरी त्यांनी ९११ लावलं. हा मेसेज त्यांनी वाचलेला होता. पलीकडून पहिला प्रश्न आला तो "काय झालं?" असा नव्हता, "पत्ता काय?" असा होता. त्यांना वाटलं, ही उगाच चौकशी चाललीय. "यू सी ऑन स्क्रीन, नो? माय हसबंड फॉल, कम फास्ट," एवढंच त्या पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. पलीकडची बाई शांतपणे विचारत राहिली: बिल्डिंगचा नंबर? अपार्टमेंटचा नंबर?

तिच्या स्क्रीनवर ठिपका दिसत होता, नाही असं नाही. आलेल्या पोलिसानं ते नंतर मला सांगितलं. पण तो ठिपका आमच्या कॉम्प्लेक्सच्या क्लबहाउसवर पडला होता. कॉम्प्लेक्समध्ये चौदा इमारती, सगळ्या एकाच साच्यातून काढल्यासारख्या. अँब्युलन्स चौथ्या इमारतीपाशी जाऊन थांबली आणि नाना पडले होते अकराव्या इमारतीखाली. शेवटी शेजारच्या गुजराती भाभी घरातल्या सपातांवरच बर्फातून धावत गेल्या आणि हात हलवून गाडी वळवून आणली. सात-आठ मिनिटं गेली. नानांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. हृदयाचा झटका असता तर, हा विचार मला अजूनही रात्री जागा करतो.

मग उबरला कळतं ते ९११ला का कळत नाही? कारण दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत. उबरचं ॲप तुमच्या फोनमधलं जीपीएसचं ठिकाण थेट इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरला पाठवतं, आणि पिन चुकली तर ती आपणच बोटानं सरकवून नीट करतो. ९११चा कॉल हा मुळात आवाजाचा कॉल. ही व्यवस्था १९६८ साली सुरू झाली. त्या वर्षी १६ फेब्रुवारीला अलाबामातल्या हेलीव्हिल या छोट्या गावात पहिला कॉल लागला. तेव्हा फोन भिंतीला तारेनं बांधलेला असायचा. फोन नंबर आणि त्याच्यापुढे पत्ता, अशी यादी पुढे केली की काम भागायचं. मोबाइल आला आणि ती यादी निकामी झाली. आज ८० टक्क्यांहून जास्त कॉल मोबाइलवरून येतात.

मोबाइलचा कॉल वर्षानुवर्षं ९११चे कॉल उचलणाऱ्या कुठल्या केंद्रात जायचा ते तुम्ही कुठे आहात यावर ठरत नसे, तुमचा फोन कुठल्या टॉवरनं उचलला यावर ठरत असे. टॉवरच्या प्रत्येक बाजूला एक केंद्र नेमून दिलेलं. तुम्ही सीमेवर असलात तर कॉल शेजारच्या काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, नदीकाठी असलात तर कधी पलीकडच्या राज्यात. याचं सगळ्यात काळीज पिळवटणारं उदाहरण जॉर्जियातलं आहे. २०१४च्या डिसेंबरात पहाटे वर्तमानपत्रं टाकायला निघालेल्या एका बाईंची गाडी तळ्यात गेली. बुडत्या गाडीतून त्यांनी ९११ला फोन केला, रस्त्यांची नावंही सांगितली. पण कॉल शेजारच्या काउंटीतल्या केंद्रानं उचलला होता, आणि त्या केंद्राच्या नकाशात ते रस्तेच नव्हते. पथक पोचून त्यांना बाहेर काढेपर्यंत फार उशीर झाला. पुढे काही दिवसांनी त्या हॉस्पिटलात वारल्या. त्यांनी पत्ता सांगितला होता, तरी हे झालं. व्यवस्था इतकी जुनी असताना लोकांना "पत्ता सांगूच नका" म्हणणं किती धोक्याचं आहे, ते यावरून बघा.

आता सुधारणा काहीच नाही असंही म्हणणार नाही. २०१८पासून आयफोन आणि अँड्रॉइड दोन्ही फोन ९११ लावल्यावर स्वतःकडचं ठिकाण वेगळ्या वाटेनं पाठवू लागले आहेत आणि बऱ्याच केंद्रांना ते दिसतं. जानेवारी २०२४मध्ये एफसीसीनं, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार आयोगानं, मोबाइल कंपन्यांना नियम घालून दिला की कॉल टॉवर बघून नको, फोनचं ठिकाण बघून योग्य केंद्राकडे वळवा. मेसेज लिहिणाऱ्यानं यातलंच काहीतरी अर्धं ऐकलं असावं.

पण नियमातलं 'ठिकाण' म्हणजे काय तेही बघा. मोठ्या कंपन्यांना एफसीसीची अट आहे ८० टक्के कॉलमध्ये ५० मीटरच्या आत ठिकाण सांगण्याची. ५० मीटर म्हणजे मध्यबिंदूपासून चहूबाजूंनी ५० मीटर. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये तेवढ्यात तीन इमारती येतात, एकेका इमारतीत चोवीस घरं. शिवाय उरलेले २० टक्के कॉल आहेतच. उंचीचाही नियम आहे, अधिक-उणे ३ मीटरचा. पण केंद्राला मिळणारी ती उंची मीटरमध्ये असते, "सातवा मजला" अशी नसते. तुमच्या इमारतीचा तळमजला किती उंचीवर आहे हे माहीत असल्याशिवाय त्या आकड्यावरून मजला काढता येत नाही. जर्सी सिटीतल्या चाळीस मजली टॉवरमध्ये राहणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं.

तेव्हा फोन लागताच पहिल्यांदा पत्ता: इमारतीचा नंबर, रस्ता, गाव, अपार्टमेंट नंबर. काय झालंय ते त्यानंतर. मध्येच फोन कट झाला तरी गाडी निघालेली असेल.

"कुठल्याही फोनवरून ९११ दाबा, लागतोच"

हे ज्या कायद्यामुळे थोडंफार खरं झालं, तो कायदा कसा आला ते मेसेज लिहिणाऱ्याला माहीत नसावं.

१ डिसेंबर २०१३. टेक्सासमधलं मार्शल गाव, एका मोटेलची खोली. केरी हंट हिच्यावर तिच्यापासून वेगळ्या राहणाऱ्या नवऱ्यानं बाथरूममध्ये चाकूहल्ला केला. बाहेर तिची नऊ वर्षांची मुलगी होती. शाळेत, घरी शिकवलं होतं तसं तिनं खोलीतला फोन उचलून ९११ लावलं. एकदा नाही, चार वेळा. लागलाच नाही, कारण त्या मोटेलात बाहेरची लाइन मिळवायला आधी आणखी एक ९ दाबावा लागायचा. नऊ वर्षांच्या पोरीला ते कुणी सांगणार होतं? केरी वाचली नाही. तिचे वडील हँक हंट त्यानंतर चार वर्षं कंपन्यांचे, आमदारांचे, काँग्रेसचे म्हणजे अमेरिकेच्या संसदेचे उंबरे झिजवत राहिले. १६ फेब्रुवारी २०१८ला 'केरीज लॉ' सही होऊन कायदा झाला. पहिल्या ९११ कॉलला त्या दिवशी बरोबर ५० वर्षं झाली होती.

हा कायदा सांगतो की हॉटेल, ऑफिस, शाळा अशा ठिकाणच्या फोन यंत्रणेतून आधी दुसरा कुठलाही आकडा न दाबता ९११ लागला पाहिजे, आणि कॉल गेला की रिसेप्शनवर किंवा सुरक्षा कक्षात त्याची सूचना गेली पाहिजे. त्याच वर्षी आलेल्या 'रे बॉम्स ॲक्ट'मुळे अशा यंत्रणांनी नुसता इमारतीचा पत्ता देऊन भागत नाही, मजला-खोलीपर्यंतचं ठिकाणही केंद्राला कळवायला हवं. पण एक फट राहिली. केरीज लॉ १६ फेब्रुवारी २०२०नंतर बनवलेल्या, विकलेल्या किंवा बसवलेल्या यंत्रणांना लागू आहे. हायवेवरच्या एखाद्या जुनाट मोटेलात वीस वर्षांपूर्वीची यंत्रणा असेल तर तिथे अजूनही ९ची भानगड असू शकते. आम्ही नायगाराला जाताना असल्याच एका मोटेलात उतरलो होतो. फोनवर चिकटवलेल्या पिवळ्या पडलेल्या कागदावर "बाहेरच्या लाइनसाठी ९ दाबा" एवढंच लिहिलेलं. मी खाली जाऊन विचारलं, तर काउंटरवरच्या मुलाला उत्तर ठाऊक नव्हतं.

"कुठलाही फोन" यात आपल्या माणसांच्या बाबतीत आणखी काही खाचखळगे आहेत. घरात सिग्नल कमी म्हणून आपण वाय-फाय कॉलिंग चालू करतो. ते चालू करताना एक आपत्कालीन पत्ता भरून घेतात. फोनचं ठिकाण मिळालं नाही तर केंद्राला तोच पत्ता दिसू शकतो. घर बदललं आणि तो बदलला नाही तर गाडी जुन्या घरी जाईल. मी तपासला तेव्हा माझ्या फोनमध्ये दोन घरांपूर्वीचा पत्ता निघाला. आज रात्री सेटिंगमध्ये जाऊन बघा.

आई-बाबा भारतातलं सिम रोमिंगवर घेऊन येतात. त्यावरून ९११ लागतो, पण कॉल तुटला तर केंद्राला त्या +९१च्या नंबरावर परत फोन करणं अवघड जातं. नातवाला खेळायला दिलेला सिम नसलेला जुना फोन? त्यावरूनही ९११ लागतो, कायद्यानं लागायलाच हवा. पण त्या फोनला स्वतःचा नंबरच नसतो, त्यामुळे तिकडून परत फोन येऊच शकत नाही. अशा फोनवरून लहान मुलांनी केलेले खेळातले कॉल ही केंद्रांची कायमची डोकेदुखी आहे. व्हॉट्सॲपवरून ९११ लागत नाही. आणि पुण्यातून व्हिडिओ कॉलवर बोलताना मुलगा तिकडे डोळ्यांदेखत कोसळला, तर पुण्यातून ९११ दाबून काहीही होणार नाही. तो कॉल अमेरिकेत जातच नाही. त्यासाठी मुलाच्या गावच्या पोलिसांचा दहा आकडी नंबर, अमेरिकेचा कोड लावून, आधीच लिहून ठेवलेला हवा. मावशीकडे आता माझ्या गावचा नंबर आहे.

एवढं मात्र लक्षात ठेवा: चुकून ९११ लागला तर घाबरून फोन ठेवू नका. "सॉरी, चुकून लागला" एवढं सांगा. प्रामाणिक चुकीला दंड नाही. फोन ठेवलात तर ते परत फोन करतात, आणि उचलला नाही तर दारात पोलीस उभा राहू शकतो.

"मेसेज सगळीकडे चालतो"

नाही चालत. मेसेज, म्हणजे साधा एसएमएस, घेण्याची सोय करायची की नाही हे ज्या त्या केंद्रावर आहे. केंद्रानं मागितली तर कंपनीला सहा महिन्यांत ती द्यावी लागते, पण केंद्रानं मागितलीच पाहिजे असा देशपातळीवरचा नियम नाही. न्यू जर्सीत ती राज्यभर आहे. जिथे नाही तिथे "इथे मेसेज जात नाही, फोन करा" असं उलट उत्तर येतं, आणि तेवढ्यात वेळ जातो. घरात चोर शिरलाय, आवाज करता येत नाही, किंवा ऐकू-बोलू न शकणारी व्यक्ती आहे, तेव्हा मेसेज जरूर करा. तोही पत्त्यापासून सुरू करा, इंग्रजीत लिहा, ग्रुपमध्ये टाकू नका. एरवी फोनच.

"इंग्रजी येत नसेल तर शेजाऱ्याला बोलवा"

मेसेजमधलं हे वाक्य वाचून मला सगळ्यात जास्त राग आला, कारण त्यानं घरात एकटी असलेली म्हातारी माणसं फोन करायलाच कचरतात. बहुतेक केंद्रांकडे फोनवरच्या दुभाष्याची सोय असते. "मराठी" म्हणून सांगा. पलीकडच्याला शब्द कळला नाही असं वाटलं तर "इंडिया, हिंदी" म्हणा, हिंदीचा दुभाष्या बहुधा लवकर मिळतो. दुभाष्या लाइनवर येईपर्यंत एक-दोन मिनिटं लागली तरी फोन धरून ठेवा. पत्ता मात्र इंग्रजीत तोंडपाठ हवा.

आमच्याकडे आता फ्रिजवर एक कागद आहे. देवनागरीत मोठ्या अक्षरांत पत्ता, जसा उच्चारायचा तसा. त्याखाली "अपार्टमेंट टू-बी, बिल्डिंग इलेव्हन". सासूबाई भारतात परत जाण्याआधी रोज सकाळी चहा करताना तो मोठ्यांदा वाचायच्या, हरिपाठ म्हणावा तशा.

"फी आधीच भरतो, कायदे म्हणजे नवा कर"

फी आपण भरतो, हे खरं. न्यू जर्सीत २००४पासून प्रत्येक फोनमागे महिन्याला ९० सेंट जातात. पण ते गेले कुठे? २००८च्या एका कायद्यानं एफसीसीला दरवर्षी काँग्रेसपुढे हिशेब ठेवावा लागतो की कुठल्या राज्यानं ९११ची फी दुसरीकडे वळवली. त्या अहवालांत आपल्या राज्याचं नाव वर्षामागून वर्षं येत राहिलंय. कॉल उचलणारी केंद्रं गावं आणि काउंट्या चालवतात, त्यांचा खर्च आपल्या प्रॉपर्टी टॅक्समधून निघतो, आणि ९११च्या नावानं गोळा झालेला पैसा राज्याच्या इतर खर्चात मुरतो. तेव्हा मेसेज लिहिणाऱ्याचा राग रास्त आहे, पण तो चुकीच्या दिशेला वळलाय. ही पळवापळवी रोखायला कायदाच लागतो. २०२०च्या डिसेंबरात काँग्रेसनं तसा कायदा केला, आणि २०२१मध्ये एफसीसीनं ९११ची फी कशावर खर्च करता येईल याची व्याख्या नियमांत घातली.

आता 'नव्या पिढीचं ९११' म्हणतात ते काय? तांब्याच्या तारांची जुनी व्यवस्था काढून सगळी केंद्रं इंटरनेटच्या तंत्रावर आणायची. मग कॉलबरोबर नेमकं ठिकाण येईल, फोटो-व्हिडिओ पाठवता येईल, आणि वादळात एक केंद्र बंद पडलं तर कॉल आपोआप दुसऱ्या केंद्राकडे जातील. ज्यांना न्यू जर्सीतलं सँडी वादळ आठवतंय त्यांना या शेवटच्या गोष्टीची किंमत सांगायला नको. २०१८च्या सरकारी अहवालात याचा देशभरचा खर्च साडेनऊ ते पावणेतेरा अब्ज डॉलरच्या आसपास धरला होता. छोट्या काउंटीला हे एकटीनं झेपणारं नाही.

आणि हा पैसा बिलावर कर लावून उभा करायचा नव्हताच. मे २०२३मध्ये प्रतिनिधिगृहाच्या ऊर्जा आणि वाणिज्य समितीनं जे विधेयक ५२ विरुद्ध ० मतांनी मंजूर केलं, त्यात ९११साठीचे पैसे स्पेक्ट्रमच्या लिलावातून, म्हणजे मोबाइल कंपन्या लहरींसाठी सरकारला जे मोजतात त्यातून, यायचे होते. दोन्ही पक्ष एका बाजूला, विरोधात एकही मत नाही, आणि तरी ते कायदा झालं नाही. जुलै २०२५मध्ये मुदत संपून गेलेला लिलावाचा अधिकार एफसीसीला परत मिळाला, पण त्या पैशांत ९११चा वाटा ठेवला गेला नाही. म्हणजे मेसेज ज्याला करवाढीचा बहाणा म्हणतो, त्या कायद्यात आपल्या बिलावर एक सेंटही चढत नव्हता, आणि तो झालेलाही नाही.

एक गोष्ट मला फार खुपते. फोनवरून छाती कशी दाबायची ते सांगत, मोजत, कुणाच्या तरी बापाचा जीव परत आणणाऱ्या या कॉल घेणाऱ्या लोकांना केंद्र सरकारच्या व्यवसायांच्या वर्गवारीत अजूनही कारकुनांच्या गटात धरतात. ते बदलायचं विधेयकही कित्येक वर्षं काँग्रेसमध्ये येतंय आणि पडून राहतंय.

हे सगळं मी मावशीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मग आमच्या ११२चं काय? आमच्याकडे तर पॉवरचं बटण तीनदा दाबलं की झालं." भारतात २०१६च्या एप्रिलमध्ये निघालेल्या नियमांनी मोबाइलमध्ये आपत्कालीन बटण सक्तीचं केलं, १ जानेवारी २०१७पासून. स्मार्टफोनवर पॉवरचं बटण तीनदा, साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचा. ते चांगलंच झालं. पण बटण दाबल्यानं फक्त कॉल लागतो. मी विचारलं, "लागल्यावर काय सांगशील?" ती म्हणाली, "सांगेन, गणपतीच्या देवळासमोर, पिवळी बिल्डिंग."

महाराष्ट्रातला ११२चा कॉल आधी नवी मुंबईतल्या महापेच्या किंवा नागपूरच्या केंद्रात उचलला जातो आणि तिथून जिल्ह्याकडे जातो. महाप्यात बसलेल्या मुलीला तुझं देऊळ कुठून माहीत असणार, असं मी म्हटलं, तेव्हा ती गप्प झाली. मग तिनं शेजारी पडलेला गॅसच्या बिलाचा कागद उलटा केला आणि पेन मागितलं. आधी जिल्हा, मग गाव, मग रस्ता आणि सोसायटीचं नाव, विंग, मजला. गणपतीचं देऊळ तिनं सगळ्यात शेवटी लिहिलं.